बर्फाचे दिवस

ऑगस्टात, गवतकापणीच्या दिवसांत,
डिलनमधल्या आमच्या दुकानात दुपारी कुणी फिरकत नाही.
आर्डिथ स्कोगेन आल्या त्या मोज्यांत रुतलेल्या कुसळांसकट,
आणि सरळ विचारलं, "बर्फ किती दिवस?"

मी पाठ केलेलं म्हणू लागलो:
भिंती तीन बोटं जाड, झाकणाला फ्रिजसारखं रबर,
कुलूप घातलं तर अस्वलालाही उघडत नाही,
पिंजऱ्यात तासभर ठेवून पाहिलंय.
"आत काय होतं, ते अस्वलाला आवडत होतं का, विचारलंत?"
त्या हसल्या नाहीत. मग मीही आवरलं.

"दहा दिवस," मी म्हणालो.
"पण आदल्या रात्री पेटी आतून गार करायची,
जिन्नस एक वाटा तर बर्फ दोन वाटे,
आणि झाकण उगाच उघडायचं नाही."
"लेलंड उघडायचा," त्या म्हणाल्या.
"रात्री दोनदा उठून.
काही घ्यायला नाही. नुसतं बघायला, किती उरलाय."

जुनी पेटी बाहेर पिकअपमध्ये होती.
हिरवा पत्रा, खिट्टी तुटलेली,
वरून खोगिराचा पट्टा आवळलेला.
तिच्यात बर्फ तीन दिवस टिकायचा.
चौथ्या सकाळी लोणी पाण्यावर तरंगायला लागलं
की दोघं तंबू गुंडाळायची.
चाळीस उन्हाळे.
कधी नदी ऐन रंगात, ट्राउट आपणहून गळाला येतेय,
पण बर्फ म्हणाला चला, की चला.
"भांडणंही तेवढ्याच मापाची करायचो.
चौथ्या दिवसावर ढकलायची सोय नव्हती."

आत आल्यावर त्यांनी पेट्या नीट पाहिल्याच नाहीत,
एकेकीवर बसून पाहिलं.
पांढरी उंच पडली.
चाकांचीला म्हणाल्या, नदीकाठच्या गोट्यांवर चाकं
म्हणजे गाईला चपला.
वाळूच्या रंगाची डुगडुगली. "फरशीचा दोष," मी म्हणालो.
"जमीन तरी कुठे सपाट असते," म्हणून उठल्या.

मी लहान पेटी पुढे केली, एकटीला उचलता येईल अशी.
मला वाटलं, मी समजूतदारपणा दाखवतोय.
त्यांनी झाकणावर वीत टाकली, एक, दोन, जेमतेम अडीच.
"यावर एकच माणूस मावेल."
मोठी घेतली.
किमतीची चिठ्ठी चष्मा वर करून वाचली:
"एवढ्यात आम्ही वासरू घेतलं होतं."

गाडीत चढवताना एक कडी त्यांनी धरली, एक मी.
रिकामीच इतकी जड.
तिकडे उतरवणार कोण, हे मी विचारलं नाही.

परत आल्या तो नववा दिवस.
तक्रार असणार, म्हणून मी पावत्यांची वही काढली.
त्यांनी टवका उडालेला एक मग पुढे ठेवला,
आत मुठीएवढा बर्फ, गोट्यासारखा गुळगुळीत झिजलेला.
"पेटीत अजून आहे. बराच."

"मग आलात का?"

"चौथ्या दिवशी सवयीनं तंबू गुंडाळला.
झाकण उघडून पाहिलं. पुन्हा ठोकला.
पाचव्या दिवशी करतात काय, कुणी सांगितलंच नव्हतं.
सहावा बरा गेला.
सातव्याला एक मूस पाणी प्यायला आला, माझ्याकडे बघत उभा राहिला.
आठव्याला भांडून घेतलं. राहिलेलं सगळं."
कुणाशी, हे मला कळायला थोडा वेळ लागला.
"आज कंटाळा आला.
यंदा बर्फाच्या आधी मी निघाले."

मग विसरल्या, की मुद्दाम ठेवला, कोण जाणे.
दुकान बंद करताना पाहिलं, तळाशी नुसतं पाणी.
ओतून द्यायला बाहेर नेला,
आणि पिऊन टाकलं.
धुराचा वास होता त्याला,
आणि कुठेतरी लोण्याचा.